आम्लाशिवाय सुटलेली अँटिबॉडी

सुपरनेटंटमध्ये असताना ही अँटिबॉडी अप्रतिम काम करायची. अँटिबॉडी बनवणाऱ्या हायब्रिडोमा पेशींच्या कल्चरमधला वरचा निवळ द्रव बराच पातळ करून एलायझाच्या (अँटिबॉडी आपल्या लक्ष्याला किती धरते हे रंगाने दाखवणाऱ्या चाचणीच्या) प्लेटमध्ये घातला तरी रंग गडद यायचा. तीच अँटिबॉडी प्रोटीन-जी या अँटिबॉडी धरणाऱ्या प्रथिनाच्या कॉलमवरून शुद्ध करून आणली की रंग फिका पडायचा, आणि नळी उजेडासमोर धरली की द्रवात पुसटशी दुधाळ झाक दिसायची. मिलिग्रॅमचा हिशेब जवळजवळ पुरा लागत होता. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस-पेजच्या जेलवर ५० आणि २५ किलोडाल्टनचे दोन स्वच्छ पट्टे होते, म्हणजे जड साखळी आणि हलकी साखळी दोन्ही जागच्या जागी. पण जेल चालवण्याआधी आपण नमुना उकळतो. उकळलेलं प्रथिन उकळण्याआधी धड घडीत होतं की विस्कटलेलं, हे त्या पट्ट्यांवरून कळायचा काही मार्ग नाही.

आमच्या प्रयोगशाळेत शुद्धीकरणाची पद्धत ठरलेली होती: फॉस्फेट बफरमध्ये बांधायचं, धुवायचं, पीएच २.७ च्या ग्लायसिनने सोडवायचं, आणि नळीत आधीच घालून ठेवलेल्या ट्रिसवर (आम्ल शमवणाऱ्या बफरवर) थेंब पडू द्यायचे. बहुतेक अँटिबॉडी यातून सुखरूप बाहेर येतात, म्हणून ती पद्धत टिकली आहे. ही एक येत नव्हती. उंदराची मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून आलेली), आयजीजी या अँटिबॉडीच्या मुख्य वर्गातली, उपवर्ग आयजीजी-१, एका एन्झाइमच्या विरुद्ध बनवलेली. तिच्यामागे लागून मला जे कळलं ते हे, की सौम्यपणा एल्युशन (कॉलमवरून सोडवण्याच्या) बफरच्या बाटलीत शोधायच्या आधी रेझिन, म्हणजे कॉलममधले मणी, निवडताना शोधायला हवा.

मुळात आम्ल लागतं कशाला, इथून सुरुवात करते. अफिनिटी क्रोमॅटोग्राफीचा आजचा साचा १९६८ साली कुआत्रेकासस, विल्चेक आणि अन्फिन्सेन यांनी मांडला: ॲगरोजच्या मण्यांवर असा एक रेणू कायमचा चिकटवायचा, जो मिश्रणातलं फक्त हवं ते प्रथिन धरून ठेवील. अँटिबॉडीसाठी हा धरणारा रेणू बॅक्टेरियाकडून आला. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या पेशीभित्तिकेवर प्रोटीन-ए नावाचं प्रथिन असतं. त्याचे पाच सारखे भाग आयजीजीच्या एफसी टोकाला (शेपटाकडच्या बाजूला), तिथल्या सीएच-२ आणि सीएच-३ या दोन भागांच्या सांध्यात, पकडतात. १९७२ पासून ते मण्यांवर बसवून वापरलं जातंय. प्रोटीन-जी स्ट्रेप्टोकॉकसचं, त्याच सांध्याच्या परिसरात पण वेगळ्या तऱ्हेने पकडणारं. जंगली प्रोटीन-जी अल्ब्युमिनलाही धरतं, म्हणून बाजारातल्या रेझिनवर तो भाग कापून टाकलेलं रूप असतं.

प्रोटीन-ए आणि आयजीजी यांची पकड मुख्यतः पाणी टाळणाऱ्या भागांच्या जवळिकीवर उभी असते, आणि त्या सांध्यात हिस्टिडिन ही अमिनो आम्लं आहेत. पीएच खाली गेला की हिस्टिडिनवर धन प्रभार येतो आणि पकड ढिली होते. इथवर ठीक. पण पीएच ३ च्या आसपास प्रभार बदलतात ते फक्त सांध्यातले नाहीत, सगळ्या रेणूचे बदलतात. आयजीजीमध्ये सगळ्यात आधी सैल होतो तो सीएच-२ भाग. तो उलगडला की आत दडलेले पाणी टाळणारे तुकडे बाहेर येतात, शेजारच्या रेणूंचे तसेच तुकडे शोधतात, आणि गुठळ्या बनतात. पीएच परत ७ वर आणला म्हणून गुठळी सुटत नाही. माझ्या नळीतली दुधाळ झाक ती हीच, असा माझा कयास होता.

प्रयोगशाळेतल्या मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, “कॉलमचं नंतर बघू. ही काय सोसते आणि काय नाही, ते आधी नळीत बघून घे.”

या एका सूचनेने सगळी दिशा बदलली. सुपरनेटंटमध्ये अमोनियम सल्फेट ५० टक्के संपृक्ततेपर्यंत घालून अँटिबॉडी खाली बसवली, थोड्या बफरमध्ये विरघळवली, डायलिसिस केलं, म्हणजे पातळ पडद्यातून क्षार बाहेर जाऊ दिला. शुद्ध नाही, पण आम्ल न दाखवलेली. मग तिचे छोटे छोटे वाटे पीएच ७ पासून २.७ पर्यंतच्या बफरांमध्ये घातले. प्रत्येक पायरीवर एक वाटा दोन मिनिटं आणि एक वाटा अर्धा तास ठेवला, मग सगळे एकाच पीएचला आणले आणि सारख्या प्रमाणात पातळ करून एलायझा लावली. शेजारी ३५० नॅनोमीटरवर गढूळपणा मोजला. या तरंगलांबीवर प्रथिन स्वतः प्रकाश शोषत नाही, त्यामुळे तिथे काही दिसलं तर ते विखुरणं, म्हणजे गुठळ्या.

चित्र अगदी स्पष्ट आलं. पीएच ४.५ पर्यंत या अँटिबॉडीला काहीच होत नव्हतं, अर्धा तास ठेवली तरी नाही. ४ ला अर्ध्या तासात रंग थोडा उतरला. ३.५ च्या खाली मात्र घसरगुंडी, आणि तिथे दोन मिनिटं आणि अर्धा तास यांत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणजे नुकसान केवळ पीएचच्या आकड्याने ठरत नाही, त्या पीएचमध्ये किती वेळ गेला यानेही ठरतं.

एक गोष्ट या चाचणीत अनपेक्षित हाती लागली, आणि ती इतरांनाही उपयोगी पडेल. आम्लातून परत येतानाही काही नळ्या गढूळ होतात. ट्रिसचा तीव्र थेंब एका जागी पडतो, तिथे क्षणभर पीएच खूप वर जातो, बाकी द्रव अजून आम्लच असतो, आणि अँटिबॉडीचा समविद्युत बिंदू या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. त्या बिंदूपाशी रेणूंवरचा एकूण प्रभार शून्य, एकमेकांना दूर लोटायला काही नाही. आम्लात निवळ असलेला द्रव ट्रिस घालताच गढुळला, तर हेही एक कारण असू शकतं हे लक्षात ठेवून तपासावं. ट्रिस आधीच नळीच्या तळाशी ठेवून प्रत्येक थेंबानंतर अलगद ढवळलं की पुष्कळ फरक पडतो. आणि ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, दर अंशाला साधारण ०.०३ ने. २५ अंशांवर ८ दाखवणारी बाटली ४ अंशांच्या खोलीत ८.६ च्या आसपास असते. थंड खोलीत काम करणाऱ्याने पीएच थंड खोलीतच जुळवावा.

आता प्रश्न असा होता: पीएच ४.५ च्या वर राहून प्रोटीन-जी कसं सुटणार?

पहिला उपाय मॅग्नेशियम क्लोराइडचा. ३ ते ४ मोलर, पीएच जवळजवळ उदासीन. इतक्या तीव्रतेला हा क्षार पाण्याची रचनाच बिघडवतो आणि पाणी टाळणाऱ्या भागांची जवळीक तुटते. आम्लाची गरज नाही. अट एकच, कॉलममध्ये फॉस्फेटचा लवलेश नको, नाहीतर मॅग्नेशियम फॉस्फेटचा पांढरा साका मण्यांमध्ये बसतो. म्हणून आधी ट्रिस बफरने कॉलम भरपूर धुतला. अँटिबॉडी आली, आणि चांगली आली: झाक नाही, एलायझाचा रंगही बराच टिकलेला. पण आली थोडीच. बाकीची प्रोटीन-जीला चिकटूनच राहिली. नंतर पीएच २.७ दाखवल्यावरच निघाली. शिवाय हा द्रव जाड, घनतेने भारी, आणि त्यातून अँटिबॉडी बाहेर काढायला डायलिसिस किंवा डीसॉल्टिंग (क्षार काढणारा) कॉलम आलाच. ज्याच्याकडे नमुना मुबलक आहे आणि वाया गेलेल्याचं दुःख नाही, त्याला हा मार्ग जरूर सुचवीन. माझ्याकडे नमुना मुबलक नव्हता.

मग आर्जिनिन, हेही एक अमिनो आम्ल. अराकावा आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं की पीएच ४.१ च्या आसपास तीव्र आर्जिनिन प्रोटीन-ए वरून अँटिबॉडी सोडवतं, जिथे त्याच पीएचचं सायट्रेट फारसं काही करत नाही. आर्जिनिन गुठळ्याही दाबून ठेवतं, हा त्याचा मोठा गुण. पण ते प्रोटीन-एचं. माझ्या प्रोटीन-जीने आर्जिनिनला फारशी दाद दिली नाही.

इथे थांबून मी उलटा विचार केला. उंदराच्या आयजीजी-१ साठी सगळे प्रोटीन-जी का घेतात? कारण प्रोटीन-ए तिला नीट धरत नाही. कंपन्यांच्या तक्त्यांत उंदराच्या आयजीजी-१ पुढे प्रोटीन-ए खाली ‘कमकुवत’ असंच लिहिलेलं असतं, आणि ते वाचून माणूस पुढच्या रकान्याकडे वळतो. पण गाठ जितकी घट्ट, तितकी ती सोडवताना ओढाताण जास्त. ज्या अँटिबॉडीला ओढाताण सोसत नाही तिच्यासाठी मला घट्ट गाठ नकोच होती. बांधून ठेवेपर्यंत पुरेल आणि हलक्या हाताने सुटेल, एवढीच पकड हवी होती.

ही वाट नवी नव्हतीच. एय, प्राउज आणि जेन्किन यांनी १९७८ मध्ये उंदराच्या रक्तद्रवातले आयजीजी उपवर्ग प्रोटीन-ए सेफरोजवर पीएच ८ ला बांधले आणि पायरी-पायरीने पीएच उतरवत वेगळे केले. आयजीजी-१ पीएच ६ च्या सुमाराला सुटतं, २ए साडेचारला, आणि २बी साडेतीनला. मी तो आकडा पुन्हा पुन्हा पाहत राहिले. पीएच ६! माझी अँटिबॉडी ४.५ पर्यंत शाबूत राहते, हे माझ्या पीएचच्या शिडीने, म्हणजे नळीतल्या त्या चाचणीने, आधीच सांगितलं होतं.

उरला प्रश्न कमकुवत पकडीचा, आणि त्याचाही उपाय जुनाच आहे: भरपूर मीठ आणि चढा पीएच. १.५ मोलर ग्लायसिन, ३ मोलर सोडियम क्लोराइड, पीएच ८.९. मीठ पाणी टाळणाऱ्या भागांना एकमेकांकडे ढकलतं, आणि पीएच ९ च्या जवळ हिस्टिडिनवर प्रभार राहत नाही, त्यामुळे सांधा निर्वेध बसतो. सोडवताना दोन्ही आधार एकदम काढून घ्यायचे. मीठ गेलं आणि पीएच ६ झाला की निम्म्याच्या आसपास हिस्टिडिन प्रभारित होतात आणि आधीच नाजूक असलेली पकड सुटते. आम्ल म्हणावं असं यात काही नाहीच.

प्रत्यक्ष तयारीत मात्र बारकावे बरेच होते, आणि मला वाटतं खरी सौम्यता त्यांतच होती.

पहिला बारकावा कल्चरचा. पेशींना दिलेल्या गाईच्या वासराच्या सीरममध्ये गाईचं आयजीजी असतं, आणि रेझिन गाय-उंदीर असा भेद करत नाही. म्हणून शेवटचा टप्पा आम्ही आयजीजी कमी केलेल्या सीरमवर वाढवला. सुपरनेटंट सेंट्रिफ्यूज केलं, ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळलं. मग सोडियम क्लोराइड, अंतिम द्रवात लिटरला सुमारे १७५ ग्रॅम होईल असं. हे एकदम ओतायचं नाही. चुंबकी ढवळणी मंद ठेवून चिमटी-चिमटीने घालायचं, फेस येऊ द्यायचा नाही. हवा आणि पाणी यांच्या सीमेवर प्रथिनं पसरतात आणि विस्कटतात. फेस म्हणजे असल्या सीमांचा ढीग. मीठ विरघळताना द्रवाचं आकारमानही वाढतं, त्यामुळे शेवटचं माप मीठ विरघळल्यावर घ्यायचं.

पीएच ८.९ कडे नेताना माध्यमातला फिनॉल रेड, पीएचप्रमाणे रंग बदलणारा सूचक, गर्द गुलाबी होतो. आणि त्याच वेळी द्रवात हलका गढूळपणा येतो. तो पाहून मी चपापले होते, पण ती अँटिबॉडी नव्हती. कल्चर माध्यमात कॅल्शियम असतं आणि फॉस्फेटही असतं. पीएच चढला की दोघांचा साका होतो. पुन्हा एकदा गाळणं एवढाच इलाज. गाळण्याआधी आणि नंतर एलायझा करून बघितली, अँटिबॉडी कमी झालेली नव्हती. गाळलं नसतं तर हा साका मण्यांच्या थराच्या तोंडाशी बसून दाब वाढला असता.

कॉलमवर चढवताना प्रवाह मंद ठेवला. मणी सच्छिद्र असतात आणि प्रोटीन-ए बहुतांशी त्यांच्या आतल्या पृष्ठभागावर असतं. १५० किलोडाल्टनचा रेणू त्या छिद्रांतून आत शिरायला वेळ घेतो, आणि मिठाच्या जाडसर द्रवात आणखी जास्त. पकड कमकुवत असताना घाई केली तर अँटिबॉडी मण्यांच्या बाजूने निघून जाते. रेझिनच्या बाटलीवर क्षमता लिहिलेली असते ती बहुधा मानवी आयजीजीची. उंदराच्या आयजीजी-१ ला त्यातला लहानसा भागच मिळेल असं धरून मी रेझिन सढळ हाताने घेतलं. कॉलममधून निघून गेलेला द्रव फेकला नाही, जपून ठेवला आणि एलायझाने तपासला. त्यात थोडी अँटिबॉडी होती, म्हणून तो परत चढवला. हा द्रव शेवटपर्यंत फेकू नये, असं मी आता प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

धुण्याच्या वेळी तो फिनॉल रेडच कामाला आला. आधी गुलाबी द्रव, मग फिकट, मग स्वच्छ. रंग गेल्यावर २८० नॅनोमीटरची, म्हणजे प्रथिन दाखवणारी, रेषा जमिनीला लागेपर्यंत त्याच खारट बफरने धुवायचं. बफर बदलायचा मोह इथे टाळावा, कारण अँटिबॉडीला धरून ठेवणारं मीठच आहे. साध्या फॉस्फेट बफरने धुतलं तर ती धुण्यातच वाहून जाईल.

मग सायट्रेट, पीएच ६. मिठाचा जड बफर जाऊन हलका बफर आला की डिटेक्टरवर एक खोटी उसळी दिसते. ते प्रथिन नसतं, द्रवाचा अपवर्तनांक बदललेला असतो. म्हणून मी शेजारी ब्रॅडफोर्डचा रंग प्लेटमध्ये घेऊन बसले होते. प्रत्येक फ्रॅक्शनचा, म्हणजे एकेका नळीत गोळा होणाऱ्या वाट्याचा, एक थेंब रंगात टाकायचा. तपकिरीचा निळा झाला की प्रथिन आलं. खोट्या उसळीत रंग तपकिरीच राहिला. त्यानंतरच्या नळ्यांमध्ये निळा उमटू लागला, गडद होत गेला. पीएच ६ ला अँटिबॉडी येत होती आणि नळी पाण्यासारखी निवळ होती. त्या नळ्या उजेडासमोर धरून बघताना झालेला आनंद मला अजून आठवतो.

सौम्य एल्युशनची किंमत इथे दिसते. आम्लात अँटिबॉडी एका झटक्यात, दोन-तीन नळ्यांत गोळा होते. पीएच ६ ला ती रेंगाळत येते, शेपूट लांबत जातं. मी दोन गोष्टी केल्या. कॉलम सायट्रेटने भरला की प्रवाह काही मिनिटं थांबवला, म्हणजे छिद्रांतली अँटिबॉडी बाहेर यायला अवधी मिळतो. आणि पीएच ६ नंतर ५.५ ची एक पायरी ठेवली, तिच्यात उरलेला भाग आला. ज्यांच्या कॉलमला चालतं त्यांनी प्रवाह उलट दिशेने सोडूनही पाहावा. अँटिबॉडी वरच्या थरात जास्त बसलेली असते, तिला पूर्ण कॉलम ओलांडायला लागत नाही.

पुढे कॉलम साफ करायला पीएच ४.५ आणि मग ३ दाखवला. ३ ला पुन्हा एक छोटी उसळी आली, प्रथिनाची, खरी. त्या नळ्यांची एलायझा कोरी. ही आमची अँटिबॉडी मरून निघालेली, की दुसरंच काही? गाईच्या आयजीजीला ओळखणारी दुय्यम अँटिबॉडी वापरून पाहिलं, तर बराचसा भाग गाईचा निघाला. गाईच्या आयजीजीतल्या काही उपवर्गांची प्रोटीन-ए वरची पकड घट्ट असते. ते पीएच ६ ला हललेच नाहीत. म्हणजे हलक्या हाताने सोडवल्याने माझी अँटिबॉडी वाचली, आणि जे नको होतं ते मागे राहिलं. प्रोटीन-जीवर एकाच आम्लाच्या धक्क्यात ही दोन्ही एकत्र निघत होती. तिथे मिलिग्रॅमचा हिशेब इतका पुरा का लागत होता, त्याचंही थोडं उत्तर इथे मिळालं.

गोळा झालेला द्रव पातळ होता, आणि पातळ अँटिबॉडी फार वेळ प्लास्टिकमध्ये ठेवू नये, भिंतींना चिकटून कमी होते. त्याच दिवशी ३० किलोडाल्टनच्या फिल्टरच्या नळ्यांमध्ये सेंट्रिफ्यूज करून घट्ट केली. इथेही एक सवय लावून घेतली आहे. फिल्टरच्या पडद्यालगत प्रथिन सगळ्यात दाट होतं, आणि गुठळ्यांचा आम्लानंतरचा दुसरा मोठा धोका तोच. म्हणून थोडा वेळ फिरवायचं, थांबायचं, पिपेटने फेस न करता हलकेच ढवळायचं, पुन्हा फिरवायचं. त्यातच सायट्रेट काढून फॉस्फेट बफर आणला, पीएच ७.४ चा, मिठासहित.

मोजमापाबद्दल थोडं. २८० नॅनोमीटरवरचा आकडा १.४ ने भागला की आयजीजीचे मिलिलिटरला मिलिग्रॅम मिळतात, हे सगळ्यांना पाठ असतं. पण द्रवात गुठळ्या असतील तर विखुरण्यामुळे हा आकडा फुगतो. म्हणून ३२० ते ३५० च्या पट्ट्यात रेषा शून्यावर आहे ना, हे आधी बघायचं. मग रेणू आकारानुसार वेगळे करणारा साइझ एक्स्क्लुजनचा कॉलम: एकट्या रेणूची उसळी आणि तिच्या आधी येणारी गुठळ्यांची उसळी. जुन्या, आम्लाने सोडवलेल्या नमुन्यात ही आधीची उसळी चांगलीच ठळक होती. नव्या नमुन्यात ती शोधावी लागत होती.

शेवटी एलायझा, सारख्या मिलिग्रॅमवर, पातळ करत नेलेल्या मालिकेत. माझ्या मते एकाच बिंदूवरची एलायझा या कामात काहीच सांगत नाही. पूर्ण वक्र हवा. आणि एक सापळा आहे तो सांगायलाच हवा. कॉलमवरून थोडं प्रोटीन-ए सुटून नमुन्यात येतं. ते प्रोटीन-ए आपल्या अँटिबॉडीला धरतं आणि दुय्यम अँटिबॉडीलाही धरू शकतं, त्यामुळे रंग खोटा वाढू शकतो. म्हणून प्रतिजन (अँटिबॉडी ज्याला ओळखते तो रेणू) न लावलेल्या रिकाम्या विहिरी ठेवायच्या. आमच्या रिकाम्या विहिरी कोऱ्या राहिल्या, आणि शुद्ध अँटिबॉडीचा वक्र मूळच्या, कधीच आम्ल न पाहिलेल्या वाट्याच्या वक्राच्या अगदी जवळून गेला.

साठवणीसाठी छोटे वाटे केले, म्हणजे गोठवणं-वितळवणं एकदाच. सोडियम अझाइड घातलं नाही, कारण ही अँटिबॉडी पुढे पेरॉक्सिडेजला जोडायची होती आणि अझाइड त्या एन्झाइमला रोखतं. कॉलम पीएच ३ नंतर फॉस्फेट बफरने धुऊन २० टक्के इथेनॉलमध्ये थंड ठेवला. गोठू द्यायचा नाही, मणी फुटतात. साफसफाईला सोडियम हायड्रॉक्साइड वापरायचं का, हे रेझिनवर अवलंबून आहे. मूळ प्रोटीन-ए ला तीव्र अल्कली सोसत नाही. त्याच्या बी भागापासून बनवलेल्या झेड भागावर आधारलेली, अल्कली सोसतील अशी बदललेली रेझिनं आता सर्रास मिळतात, त्यांना ०.१ ते ०.५ मोलरपर्यंत चालतं.

कुणी विचारतं, औषधं बनवणारे मग पीएच ३.५ ला बिनदिक्कत कसे सोडवतात? त्यांना ते आम्ल हवंच असतं. एल्युशननंतर द्रव साधारण तासभर आम्लात ठेवून आवरण असलेले विषाणू निष्क्रिय केले जातात. आणि तिथवर पोचलेली अँटिबॉडी बहुधा हे सगळं सोसते म्हणूनच निवडलेली असते. प्रयोगशाळेतल्या क्लोनची अशी निवड झालेली नसते, त्यांना हा नियम लावण्यात अर्थ नाही. नाजूक औषधी रेणूंसाठी तिकडेही वेगळे रस्ते शोधले जाताहेत: स्वीडनमध्ये कॅल्शियमवर अवलंबून असणारं प्रोटीन-ए चं एक बदललेलं रूप तयार झालं आहे, ज्यात कॅल्शियम काढून घेतलं की उदासीन पीएचजवळच पकड सुटते.

मी सांगितलेला मार्ग सगळ्यांना लागू नाही, हेही तितकंच खरं. सशाचं आयजीजी प्रोटीन-ए घट्ट धरतं, तिथे पीएच ६ ला काही सुटणार नाही. माणसाच्या आयजीजी-३ ला प्रोटीन-ए सहसा धरतच नाही, तिच्यात त्या सांध्यातल्या हिस्टिडिनच्या जागी आर्जिनिन असतं. आणि प्रतिजन चिकटवलेल्या कॉलमवर पॉलिक्लोनल (अनेक तऱ्हेच्या अँटिबॉडी असलेलं) सीरम शुद्ध करताना सौम्य एल्युशनने एक वेगळंच नुकसान होतं: आधी सुटतात त्या कमी ओढीच्या अँटिबॉडी, आणि ज्यांची ओढ सगळ्यात चांगली त्याच मण्यांवर अडकून राहतात. तिथे मी आधी सौम्य बफर, मग आम्ल, असे दोन भाग काढते, दोन्ही वेगळ्या नळ्यांत ठेवते, आणि आम्लाच्या नळीला ट्रिस भेटायला जितका कमी वेळ लागेल तितका लावते.

पुढचा क्लोन आला तेव्हा रेझिनच्या बाटलीला हात लावण्याआधी उपवर्ग तपासला आणि पीएचची शिडी लावली. तो आयजीजी-२बी निघाला, म्हणजे प्रोटीन-ए वरून साध्या बफरने साडेतीनच्या आसपास सुटणारा, आणि शिडी सांगत होती की त्याला पीएच ४ पर्यंतच सोसतं. याच्यासाठी कपाटातलं आर्जिनिन पुन्हा काढलं: २ मोलर, पीएच ४.१, प्रोटीन-ए वर. या वेळी ते चाललं. द्रव दाट होता, कॉलममधून सावकाश उतरत होता, आणि त्यानंतरचं डायलिसिस रात्रभर चाललं.